मागचा दिवा

उद्यमबागेतली सेकंड शिफ्ट बाराला सुटते.
हात धुतो, डबा कॅरिअरला बांधतो
आणि आधी मागं जातो, सायकलच्या.
पेटलाय काय, बघतो.
मग पुढं येऊन बसायचं, आणि देसूरपर्यंत
तो आहे असं धरून चालायचं.

आधी डायनॅमो होता, बापाचा.
टायरला बाटली टेकवली की चाक जड,
चढाला आणखी जड,
पण सेल नको, चार्जर नको,
पायात जोर तोवर उजेड.
खोट एकच. थांबलं की विझायचा.
रेल्वेचं फाटक पडलेलं, मालगाडी संपता संपत नाही,
मागनं उसाचे ट्रॅक्टर येऊन उभारतात
आणि त्यांच्या तोंडासमोर नेमका मी,
सगळ्यांत काळा.

मग लुमाण्णाचं ऐकून चार्जिंगचा घेतला.
बोटाएवढा. सात तऱ्हेनं लुकलुकायचा,
पोरानं घरात सातही करून दाखवल्या.
दोन महिने बरा चालला.
पुढं गावात लाईट जायची, मी पिन लावून झोपायचो,
सकाळी पिन तशीच, दिवा अर्धपोटी.
एका रात्री घरी उतरून बघतो तर मेलेला.
कधी मेला?
मच्छ्यापर्यंत होता, की गेटातच गेला?
कुणाला विचारायचं?
मागनं आलेले सगळे
केव्हाच पुढं निघून गेलेले.

इराप्पाच्या दुकानाची पाटी वर कन्नड, खाली बारीक मराठी.
तो म्हणाला, "मिणुकमिणुक नको री.
काजवा किती लांब हाय, सांगता येतंय काय तुमाला?
डायवरला पण तसंच हुतंय. एकसारका जळणारा घ्या."
काचेवर नख वाजवून दाखवलं,
रबराची कड उलगडून दाखवली, पाणी कुठनं शिरतं ते.
"आणि दोन पेन्सिल सेलवालाच घ्या.
रात्री अकराला पानपट्टीत चार्जिंग मिळत नाही,
सेल मिळतोय."
वर एक लाल रिफ्लेक्टर ठेवला, पैसे न घेता.
"ह्याला काय बी घालायला नको.
दुसऱ्याच्या उजेडावर जगतंय,
पण फशिवत नाही."

बसवला मी माझ्या हातानं.
सीटखाली नाही, तिथं रेनकोटाची शेपूट पडते.
कॅरिअरच्या शेवटाला. क्लॅम्प लेथवर केला,
भंगारातल्या पट्टीचा, कडा मारून,
खाली नायलॉकचा नट,
खड्ड्यानं सैल होईल असा नाही.
डब्यात तूप-मिठाच्या पुडीशेजारी दोन सेल जादा,
बायको म्हणते, ह्यांची पण भाकरी बांधू काय.

तरी एक राहिलं होतं.
मी कसा दिसतो, मला ठाऊक नव्हतं.
परवा झाडशहापूरच्या पुढं थांबून
लुमाण्णाला म्हटलं, माझी सायकल घे, जा की जरा पुढं.
तो गेला.
आधी त्याची पाठ गेली, मग पायडलं,
मग चाकांचा आवाज.
राहिलं लाल. डाळिंबाच्या दाण्याएवढं.
मी खांब मोजत होतो.
सात. नऊ.
निप्पाणीचा ट्रक असो नाहीतर कोल्हापूरचा,
एवढं कुणालाही वाचता येईल.
अकराव्या खांबालाही होतं, न हलता, एकसारखं,
आणि मला उगीचच बरं वाटलं
त्या माणसाबद्दल, जो घरी चालला होता.

बाराव्याला वळण. निलगिरीआड गेलं.

तेवढ्यात मागनं हॉर्न, केवढा तरी,
आणि वाळूचा टिप्पर शर्टाला वारा देऊन गेला.
क्लीनर दारातनं वाकून ओरडला, कन्नडात,
अर्धंच ऐकू आलं, पण बरोबर होतं त्याचं:
लुमाण्णाची सायकल धरून मी रस्त्यावर उभा,
तिला ना दिवा, ना काच.
मी गटाराच्या कडेला सरकलो
आणि लाल परत यायची वाट बघत राहिलो.
येताना ते दिसणार नाही,
हे तिथं उभारल्यावर कळलं.