पाइनची फांदी

शेवटी तो निघून जातो, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे.
गाव वाचलेलं असतं. कुणी म्हातारी तांदळाची पुरचुंडी पुढे करते,
तो घेत नाही,
मान जराशी झुकवतो, आणि मग नुसती त्याची पाठ,
लांब लांब जाणारी.
पाठीला अभिनय करता येत नाही, म्हणून ती खरी वाटते,
असं आमचे दिग्दर्शक म्हणायचे.

त्या पाठीच्या उजवीकडे, क्षितिजाच्या वर
एक पाइनची फांदी आहे.
ती मी धरली होती.

कामेओकाच्या पलीकडे, भाताच्या कापलेल्या शेतांत
त्याच वर्षी वीज आली होती.
तीनशे वर्षांपूर्वीच्या रस्त्याच्या टोकाला
डांबर फासलेला एक कोरा करकरीत खांब.
तो उपटायचा तर सरकारी परवानगी हवी,
फांदी तोडायला कोयता पुरला.

मी सतरा वर्षांचा. निशिवाकी तोकुझो.
हुद्दा विचाराल तर काही नाही,
श्रेयनामावलीत नाव नाही, पगारपत्रकावर होतं.
कॅमेऱ्याच्या कानाशी शिडी लावून मला वर चढवलं
आणि खालून सांगितलं:
झाडासारखी हलू दे. हातासारखी नको.

हे बोलायला सोपं आहे.
समोर विमानाचा जुना पंखा घरघरत धूळ उडवतोय,
चीक बोटांना चिकटलाय, थंडीने नाक वाहतंय,
आणि तुम्ही झाड आहात.

आता जे सांगतो ते कुठल्याच रिळात नाही.
कुरोइवा जुशिरो बरोबर त्रेचाळीस पावलं चालला.
चव्वेचाळिसाव्या पावलाला पाटाचं पाणी होतं.
तिथे तो थांबला, कमरेची तलवार काढली
(बांबूची, वर कथलाचा वर्ख),
बांधावर टेकवली, आणि गुडघा चोळत खाली बसला.
डावा गुडघा. युद्धात गेलेला.
एवढ्या मोठ्या आभाळाखाली एवढासा माणूस
आगपेटी शोधत खिसे चाचपत होता,
आणि त्या काळच्या कपड्यांना खिसे नसतात
हे त्याला दर वेळी नव्याने आठवत होतं.

मग तो परत आला.
निघून जाणारा रोनिन साऱ्या जपानने पाहिला,
परत येणारा आम्ही पाच-सहा जणांनी.
लंगडत, टोपली-टोपी काखेत मारून,
वाटेत मेलेल्या एकोणीस जणांना ‘उठा रे’ म्हणत.
ते उठले, एकमेकांच्या पाठीवरची माती झटकली
आणि गरम शेवयांच्या रांगेत जाऊन उभे राहिले.
माझ्या शिडीखाली येऊन त्याने वर पाहिलं:
‘खांब दिसला का रे?’
मी म्हटलं, नाही.
‘मग झालं,’ म्हणाला, आणि माझ्याकडे काडी मागितली.

आई तो सिनेमा अकरा वेळा पाहून आली.
तोफूचं दुकान लवकर बंद करून, हाताला सोयाबीनचा वास तसाच,
शेजारच्या सुगिनोबाईंना तिकीट काढून न्यायची.
पूर्ण दीड तास डुलक्या काढायची,
तलवारी खणखणल्या तरी जागी व्हायची नाही,
आणि शेवटच्या दृश्याला मात्र सावरून बसायची:
‘ते बघा. नाही हो, तो माणूस नव्हे. वरती. वरती!’
तो कोण होता, कुठून आला, कुणासाठी लढला
हे तिला शेवटपर्यंत सांगता आलं नसतं.

आता इथे, वृद्धाश्रमाच्या टीव्हीवर
कधी दुपारी लागतो तो. रंग उडायला मुळात रंगच नव्हता,
त्यामुळे तसाच आहे.
कुरोइवा गेला, दिग्दर्शक गेले, पाट बुजवला,
फांदीमागे तो खांब मात्र अजून उभा आहे,
अजून कुणाला दिसलेला नाही.

पाठ लहान होत जाते.
पावलं मोजायची सवय सुटत नाही.
एकतिसाव्या पावलाला फांदी किंचित दचकते,
वाऱ्याच्या उलट दिशेला.
समीक्षकांनी पाहिलं नाही, दिग्दर्शकांनी ठेवून दिलं.
आईने पहिल्याच खेळाला पाहिलं होतं.
घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली,
‘तिथे हात भरून आला ना रे तुझा?’