सामाईक भिंत

माझं काम भेगा मोजायचं.
नव्या घराचा पाया खणण्याआधी
लागून असलेल्या जुन्या घरात जायचं,
प्रत्येक तड्याशी पट्टी धरायची, फोटो काढायचा,
क्रमांक द्यायचा. म्हणजे उद्या कोणी म्हणालं
तुमच्या खणण्यानं आमची भिंत फुटली,
तर कंपनीकडे कागद हवा:
ही आधीचीच.

बाल्टिमोरच्या पश्चिमेची एक गल्ली,
विटांची घरं खांद्याला खांदा लावून,
मध्येच चौदा फुटांची मोकळी जागा,
आणि तिच्या कडेला ओडेसा प्रुइट, वय एक्क्याऐंशी.
दार उघडता उघडता म्हणाली, पाय पूस.

भेग एक, जिना. लेम्यूएलनं पियानो वर चढवला तेव्हाची.
दोन, खिडकीखाली. ती घराबरोबरच आली.
तीन, स्वयंपाकघर, दोन मिलिमीटर:
"टॉलिव्हरांचं घर पाडलं त्या दिवसाची.
मी इथंच उभी होते, हातात अंडं.
अंडं नाही फुटलं."

फॉर्मवर कारणाला रकाना नाही.
समासात लिहिलं: अंडं शाबूत.

मग बाहेरून.
त्या बाजूची भिंत बाहेरची म्हणून बांधलेलीच नव्हती.
कमी भाजलेल्या विटा, दोन घरांच्या पोटातल्या,
पावसाशी ओळख नसलेल्या,
एकतीस वर्षं उघड्यावर.
तिच्यावर अजून टॉलिव्हरांचा जिना तिरपा चढत होता
आणि जिथं पोचायचा तिथं नुसतं आभाळ.
वर एका खोलीचा उडालेला पिस्ता रंग.
चार खुंट्या, रांगेत,
वीस फुटांवर, कोणाच्याच हाताला न येणाऱ्या.

"जागा तुमची होती का?" मी विचारलं.
"जागा पालिकेची. झाडणं माझं."
झाडणं, आणि टोमॅटो, आणि दोन लोखंडी खुर्च्या,
आणि उन्हाळ्यात कोणाचं ना कोणाचं पोर.
सुनावणीला गेली होती, टोपी घालून.
इथं सगळी घरं दोन मजली, म्हणाली, याला तीन कशाला?
बिल्डरच्या चित्रात झाडं होती, कुत्रं होतं,
कुत्र्यामागे हसणारी बाई होती.
सावली तेवढी काढायची राहिली होती.

ऑक्टोबरात काँक्रीटचे ठोकळे चढू लागले.
आधी जिना गेला, पायरी पायरीनं.
मग खुंट्या.
पिस्ता रंग सगळ्यात शेवटी.
ती रोज समोरच्या फुटपाथवर येऊन बघायची, म्हणे,
जशी गाडी सुटेपर्यंत माणसं थांबतात.

मार्चमध्ये दुसरी पाहणी.
तीन: दोन मिलिमीटर, तशीच.
चार: नवी, केसाएवढी, छताच्या कोपऱ्यात.
"ही तुमची," ती म्हणाली.
आमची, मी लिहिलं.

मग बिस्किटांच्या डब्यातून तिनं गॅसची दोन बिलं काढली,
मागच्या जानेवारीचं, या जानेवारीचं,
मेजावर शेजारी शेजारी ठेवली, पत्त्यांसारखी.
निम्म्याहून थोडंच जास्त.
मी काही बोललो नाही. तीही.
जरा वेळानं म्हणाली,
"एकतीस वर्षं त्या भिंतीकडे पाठ करून झोपले नव्हते.
गारठा हाडात शिरायचा.
आता झोपते."
आणि बिलं घडी घालताना:
"त्यांना सांगू नकोस."

मला सांगायचं होतं की ही भिंत सामाईक नाही.
आता अशा बांधत नाहीत.
दोन भिंती असतात, मध्ये इंचभर फोम,
नियमानुसार दोन्ही घरं आपापली उभी राहतात.
पण तिनं कोपऱ्यातला झाडू उचलला होता.
टॉलिव्हरबाईंना हाक मारायची तर
दांड्यानं दोनदा, असं होतं त्यांचं.

ठक. ठक.

पलीकडे नळ चालू होता.
तो थांबला.
मग पुन्हा सुरू झाला.