हातचा

परिषदेला अजून नऊ आठवडे.
केरिचोच्या उतारावर आमचा चहाचा कारखाना,
मी तिथली हिशेबनीस, चेलंगात.
नैरोबीहून आलेला सल्लागार म्हणतो,
आधी आकडा हवा.
एक किलो चहामागे किती धूर?

आकडा वहीत नव्हताच.
तो होता बॉयलरमागच्या भिंतीवर,
टोनुईनं खडूनं काढलेला:
चार उभ्या रेघा, एक आडवी,
एकेक रेघ म्हणजे निलगिरीची एक गाडी,
लाकूड ओलं असेल तर शेजारी टिंब.
ओलं जास्त लागतं आणि ऊब कमी देतं,
टोनुई म्हणाला. हेही लिहा.

अकरा वर्षांची भिंत उतरवायला चार दिवस गेले.
गळतीनं दोन महिने पुसले होते.
आम्ही त्याच्या तोंडाकडे पाहिलं.
त्यानं डोळे मिटले:
तेव्हा जास्तच.

"जास्तच" कुठल्या रकान्यात भरतात?

सल्लागारानं बाकीचं पढवलं.
बिल्ला संघटनेच्या नावावर काढा,
खोली आत्ताच घ्या, नंतर गोठाही राजवाड्याच्या भावानं जातो.
सरकारं आतल्या दालनात बसतात, तिथं आपण नाही;
आपला मंडप बाहेरचा, आपली मिनिटं सात.
बँकवाल्याला जेवणाआधी गाठा, जेवणानंतर तो कुणाचाच नसतो.
वचन पेलेल एवढंच द्या.
आणि ते पुसलेले दोन महिने...
जरा हातचा राखून बोला.

समुद्राकाठच्या त्या शहरात बाहेर ऊन रणरणत होतं
आणि मंडपात इतका गारवा की
मी केरिचोच्या पहाटेचा स्वेटर काढून घातला.
माझ्याआधी एका सिमेंट कंपनीची फिल्म:
एक पान उलगडतं, उलगडतच राहतं.

मग पडद्यावर आमची भिंत.
काजळी, रेघा, गळतीचा तो पिवळा ओघळ.
समोर अकरा माणसं,
त्यातली तीन फोन चार्ज करायला बसलेली.

आणि मला अचानक आठवल्या शाळेतल्या बाई,
माझ्या पाटीवर बोट आपटत:
अगं, हातचा राखायचा नसतो,
पुढच्या घरात मिळवायचा असतो.
नाहीतर बेरीज चुकते.

मी दोन महिने मिळवून आकडा सांगितला.
मोठा होता.
सल्लागारानं आपल्या बुटांकडे पाहिलं.

टाळ्या बेताच्याच.
बँकवाला जेवायला गेला होता.
पण विमा कंपनीची एक बाई, इंगुन नावाची,
खुर्च्या उचलेपर्यंत थांबली.
तुमच्याकडे गारा पडतात ना?
वर्षातून किती दिवस?
त्याची भिंत आहे?

नव्हती.

आता आहे.
परतल्यावर टोनुईला सांगितलं, तर तो काही बोलला नाही,
वजनकाट्यामागची भिंत झाडली,
खिशातून खडू काढला.
गारेसाठी काय काढू, त्यानं विचारलं,
आणि उत्तराची वाट न बघता
परवाच्या दिवसाचं एक वाटोळं काढलं,
मग थोडं थांबून, त्याच्या शेजारी,
कालचं.