नऊ क्रेडिट बाकी

खिडकीपलीकडची बाई दरवर्षी तीच असते.
तिच्या टेबलावरचं निवडुंग
मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा करंगळीएवढं होतं,
आता मनगटाएवढं झालंय.
"अजून नऊ," ती म्हणते
आणि पडदा माझ्याकडे वळवते,
जणू मला मोजता येत नाही.

चार वर्षांचा तक्ता होता माहितीपुस्तकात.
आठ चौकोन, प्रत्येकात पाच विषय.
त्यात कुठेच नव्हता बाबांचा सरकलेला मणका,
गाडीचा गिअरबॉक्स नव्हता,
मंगळवारी दुपारी दोनची पाळी नव्हती,
आणि तो विषय तर फक्त मंगळवारी दुपारी दोनलाच,
तोही फक्त शरद सत्रात.
आधीच्या कॉलेजचे अकरा क्रेडिट
बदलीच्या अर्जात वाहून गेले.
ते कॉलेज चाळीस मैलांवर आहे, नदीच्या वरच्या अंगाला.
तिथलं बीजगणित म्हणे
टोलीडोत चालत नाही.

पाचवं वर्ष माझ्या पाचवीलाच पुजलेलं.
सहावं उधारीवर आणलं.
सातवं आलंय ते
बर्फाचे बूट न काढताच सोफ्यावर बसलंय
आणि विचारतंय, जेवायला काय आहे.

याडविगा आत्या ईस्टरला हॅम कापता कापता विचारते,
"झालं का?"
सुरी वर धरून विचारते.
मी म्हणते, होत आलंय.
मागच्या ईस्टरलाही होत आलं होतं.
आता तिचा नातू पण
बटाट्याची वाटी पुढे करत
तेच म्हणून दाखवतो, आणि सगळे हसतात,
मीही हसते, जरा उशिरा.

गेल्या शरदात ब्रिन भेटली. वर्गात.
पहिल्या वर्षी आम्ही एका खोलीत राहायचो,
ती वरच्या बंकवर, मी खालच्या.
तिला झोपेत बोलायची सवय होती.
चार वर्षांत गेली, वेळेत,
उन्हात, टोपी उडवत.
आता फळ्याजवळ उभी, हातात यादी.
हालव्हॉर्सन मॅडम.
कुठल्याही नावाला न थांबता खाली आली
आणि डब्ल्यूला थांबली.
"रोझलिन वोयचिक?"
काय करणार. म्हटलं, हजर.
तिने मला बी प्लस दिला. ए द्यायला हवा होता असं नाही,
बी प्लसच होता तो,
म्हणूनच बरं वाटलं.

रात्री मी बरण्यांच्या कारखान्यात असते.
साचातून निघालेली काच लाल असते,
मग पट्ट्यावर चढते, लांबच लांब भट्टीत शिरते
आणि मुंगीच्या पावलांनी निवत निवत जाते.
घाई केली तरी बरणी दिसायला धड दिसते,
पण महिन्याभराने कुणाच्यातरी फडताळात
मध्यरात्री आपोआप तडकते,
लोणच्यासकट.
नवा पोरगा, डेशॉन, भट्टीच्या तोंडाशी वाकून
विचारतो, "झालं का?"
मी ओरडते, हात लावू नकोस.

पण मी यातून काही अर्थ काढत नाही.
बरणीला भाडं भरायचं नसतं.
कर्जावरचं व्याज
मुंगीच्या पावलांनी चालत नाही.
"प्रत्येकाची वेळ असते" असं लिहिलेला मग
मला कोणीतरी वाढदिवसाला दिला,
त्यात मी पेन ठेवते.

आज सकाळी पाळी सुटल्यावर
गाडीतच बसून, हीटर लावून,
फोनवर शेवटच्या प्रयोगशाळेसाठी नाव घातलं.
वर्ग भरलेला.
प्रतीक्षायादीत माझा नंबर
चौथा.
हसू आलं. काच पुसली,
आतून.
बाहेरचं दव बाहेर होतं तसंच होतं.
मिसेस ओडेलची खिडकी नऊला उघडते.
साडेसात वाजलेत.
जाऊन बसते.