छताला पहिलं भोक

जुनं पॅनल निघता निघत नव्हतं.
इद्वलनं चीज कापायची तार आणली,
एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं,
आणि टपावर गुडघे टेकून आम्ही दोघं
करवतीसारखे पुढेमागे.
खाली डिल्विन, शिडी धरून:
"हळू. रंग जाईल."
रंग केव्हाच गेला होता.

सहा वर्षांपूर्वी त्यानंच निवडलेलं ते.
पुठ्ठ्याएवढं पातळ, दोन किलोचं,
टपाच्या उताराला ओल्या सदऱ्यासारखं बिलगणारं.
ना स्क्रू, ना भोक. नुसता डिंक.
भोकाचं त्याला वावडं.
चाळीस वर्षं कार्डिगनच्या पाटीदगडी छपरांवर चढून
लोकांच्या गळत्या शोधल्या त्यानं.
पाण्याला वाट दाखवू नये,
एवढंच त्याचं शास्त्र.

पण पॅनललाही पोटाखाली वारा लागतो,
हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.
स्पेनच्या एका ऑगस्टमध्ये ते
तव्यावरच्या भाकरीसारखं फुगलं.
मग तपकिरी डाग, माझ्या हातांवर आहेत तसे.
मग रोज थोडं कमी, थोडं कमी.
या मार्चमध्ये तर विचारायलाच लागलं:
फ्रिज, की दिवा?

इद्वलच्या शेडमध्ये दोन्ही भिंतीला टेकून उभी.
एक लवचिक, नवं, "आता सुधारलोय" म्हणणारं.
एक काचेचं, ॲल्युमिनियमच्या चौकटीत ताठ,
मोडेन पण वाकणार नाही, अशा घराण्यातलं.
त्याच्या कागदावर हमी: पंचवीस वर्षं.
डिल्विननं वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
"मी अठ्ठ्याण्णवचा असेन,
आणि हे अजून ऐंशी टक्के देत असेल."
हसला, की नुसता खोकला, कळलं नाही.

"लवचिकच घेऊ. पाच-सहा वर्षं पुरे."

मी काही बोलले नाही.
नव्या खुब्याला डॉक्टरांनी पंधरा वर्षं दिली,
तेव्हा नाही म्हणाला तो पुरे.

मग वजन.
काचेची दोन, कंस, नटबोल्ट धरून सव्वीस किलो.
कायद्याच्या काट्यावर आमच्या नावे शिल्लक एकोणीस.
सात किलो संसार उतरवायचा होता.
गाडीतलं सगळं आम्ही गवतावर मांडलं,
घर बदलणाऱ्यांसारखं, पण बदलायला घर नसलेल्यांसारखं.
माझा बिडाचा तवा, तीन किलो. त्यावर मी हात ठेवून उभी.
ठिकठिकाणच्या किनाऱ्यांवरून मी उचललेले दगड:
त्यांच्याकडे त्यानं पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.
मग वाकून, खुबा सांभाळत,
बाकाखालून त्यानं आपली पेटी ओढली.
डांबर, ठिगळं, लांबीच्या नळ्या, तिघांना पुरेल इतकी भीती.
काट्यावर ठेवली.
सात किलो दोनशे.

इद्वल ड्रिल घेऊन शिडीकडे वळला.
"दे इकडे," डिल्विन म्हणाला.
"पहिलं मी पाडतो."
शिडी आता माझ्या हातात.
वरून पांढरा भुसा पडत राहिला
माझ्या केसांत, थोडा जिभेवर.
फार वेळ लागला त्याला. एका भोकाला.

जुनं पॅनल मी कोंबड्यांच्या खुराड्यावर बांधलंय.
अकरा वॅट देतं.
ते वाकलेलं आहे, खुराडंही वाकलेलं आहे,
कोंबड्यांनी तक्रार केलेली नाही.

पहिल्या रात्री लीन द्वीपकल्पाच्या टोकाशी थांबलो.
दोनच्या सुमाराला पाऊस आला, आडवा.
जागी झाले तर हा उताणा,
हातात टॉर्च, उजेड छतावर,
एका स्क्रूवरून दुसऱ्यावर, सावकाश.
वर काचेखालून वारा जात होता,
बाटलीच्या तोंडाशी फुंकर मारल्यासारखा.

"वाजतंय," मी म्हटलं.
"हं."
"गळतंय का?"
बराच वेळ टॉर्च हलला नाही.
"वाजू दे," म्हणाला,
आणि विझवला नाहीच.