मंगळवारचा माणूस

पयलं गाव मोझर.
मोझरचे सात डाग, आन सातही पार तळाशी,
कॅबिनच्या पाठीले चिकटून.
त्याहीच्या अंगावर सोनवाढोण्याचा कूलर, उताणा,
कूलरच्या पोटात कोणाच्या तरी चपला,
आन दार उघडल्या उघडल्या पायावर पडते
थे शेवटच्या गावाचं झाडूचं बंडल.

मंग काय, उतरव.
शाळेच्या भितीशी, बाभळीच्या इतकुशा सावलीत
अर्धी गाडी रस्त्यावर मांडतो मी.
लोकं थांबते, इचारते, "सेल लागला का भाऊ?"
एक बुढी तं रोज एखाद्या डब्याले हात लावून
भाव इचारून जाते.

भरणाऱ्याले मी कधी पाह्यलं नाई.
थो रातचा भरते, मी साडेसातले चावी घेतो.
पण त्याचं भरणं वळखतो.
'नाजूक' लिहिलेलं खाली, जातं वरतं.
बाणाचं टोक आभायाकडं पाहिजे, थे भुईकडं.
पत्ते सारे आतल्या आंगानं वळलेले,
लग्नात रुसून बसलेल्या सोयऱ्यावानी.

मनातल्या मनात त्याले
नेरपासून वटफळीपर्यंत शिव्या देतो,
वटफळीच्या फाट्यावर थकतो,
मांगलादेवीत च्या पेतो, पुन्हा सुरू करतो.

घरी बायको डबा भरते.
भाकर खाली, भाजी मधात,
आन ठेचा वरच्या कप्प्यात, झाकण अर्धंच आवळून,
काऊन का तिले मालूम हाय,
मी एका हातानं खातो, दुसरा स्टेरिंगवर.
पयले काय उघडन, थे जिले कळते
तिले गाडी भरता येते.
म्या म्हटलं तिले तसं. थे म्हणे,
"तीनशे डबे एका रातीत भरून पाहा, मंग बोल."

पण मंगळवारी
कोणी दुसराच असते.
जड खाली, हलकं वरतं. मोझर दाराशी,
त्याच्या मागं वटफळी, मंग मांगलादेवी,
सारे पत्ते माह्याकडं तोंड करून उभे.
काचेचं सामान पोत्यात गुंडाळून कोपऱ्यात,
जत्रेच्या बंडीत लेकरू मधात बसवते तसं.
त्या दिवशी मी साडेचारले घरी असतो,
पोरीची सायकल पुसून देतो, इनाकारन.
मले त्या मंगळवारच्या माणसाले भेटाचं होतं.
एक पान खाऊ घालाचं होतं.

गोदामाच्या डोमाजी चौकीदाराले इचारलं.
हासला. म्हणे, "दुसरा कोण?
थो एकच हाय. वाकोड्याचा आशिष, शिरसगावचा.
मंगळवारी नागपूरची गाडी दोनलेच लागते,
बाकी दिवस पाचले.
आन सहाले शटर पाडा म्हणते. कर हिशेब."

केला हिशेब.
साडेतीन कोसाच्या शिव्या होत्या माह्यापाशी,
कोणाच्या दारात उतरवाच्या, समजेना.
नागपूरची गाडी उशिरा काऊन, असं इचारलं
तं डोमाजीनं हात वर केला, पत्र्याकडं,
का त्याच्याही वरतं, काही कळलं नाई.

बुधवारी कूलर पुन्हा उताणा.
मोझर पुन्हा तळाशी.
शिवी तोंडापाशी आली.
गिळली म्हणीन तं खोटं होईन. अर्धी देल्लीच.
मंग पोरीचा खडू घेतला,
दाराच्या आतून लिहिलं:
'निदान काच तरी वरतं ठेव, भाऊ.'

गुरुवारी दार उघडलं.
झाडू पायावर पडले.
काच वरतं होती, पोत्यात.
आन माह्या अक्षराखाली, तिरपं, घाईघाईचं:
'सोनवाढोण्याच्या लोकायले सांग,
पंखे घ्या.'