खडक हलवायची रात्र

बाहेर उणे एकतीस. सास्काटूनहून समुद्र
गाडीने दोन दिवस, तेही रस्ता उघडा असला तर.
तळघरात, भट्टीशेजारी, माझा भाऊ ओरेस्त
बादलीत मीठ ढवळतो,
चव बघतो, थुंकतो.

पिशवीत नवा ट्रिगर फिश, बोटभर,
दात मात्र पुऱ्या वयाचे.
काचेआड जुना पिवळा टँग
शेपटीचं पातं उघडून उभा.
चार वर्षं तो खडक त्याचा.
सातबारा नाही, पण त्याचाच.

"आधी घर मोडायचं," ओरेस्त म्हणतो,
आणि कोपरापर्यंत हात बुडवून
एकेक गुहा उलटी करतो.
जुन्यालाही कळू नये
आपण कुठे राहत होतो.
सगळेच नवखे झाले की भांडण कमी होतं म्हणे.

मग तो माझ्याकडे आरसा मागतो.
पर्समधला, टवका उडालेला,
विनिपेगच्या घरातून
मी उचललेल्या तीन वस्तूंपैकी एक.
काचेवर टेपने चिकटवतो.
मी मोठा दिवा मालवते, निळा राहतो.
टँग तुटून पडतो
स्वतःवर,
पुन्हा,
पुन्हा.
जाळीच्या डब्यातून पिल्लू बघतं
एका डोळ्याने. दुसरा डोळा आमच्यावर.

उलट्या बादल्यांवर बसून आम्ही
गार पेरोगी खातो.
किती दिवस राहणार, ओरेस्त विचारत नाही.

पहाटे टँग दमलेला, आरशापासून वीतभर लांब.
ट्रिगरने जाळी कुरतडली आहे,
भोक अजून त्याच्या मापाचं नाही.
वर, माझ्या होणाऱ्या खोलीत,
भावजय एकटीच कपाट सरकवते आहे.